नागपुरात शस्त्र परवाना काढायचा? आधी पोलीस ठाणं सांगा

सिव्हिल लाइन्सात कलेक्टर ऑफिसच्या आसपास टेबल टाकून बसणाऱ्या अर्जनविसांपैकी मी एक. आधी बाबा बसायचे, त्यांच्यामागे मी. उत्पन्नाचा दाखला, फेरफार, प्रतिज्ञापत्र हे रोजचं काम. शस्त्र परवान्याचं गिऱ्हाईक त्या मानाने कमी, पण येतं ते हमखास गोंधळलेलं. कोणी अमेरिकेतल्या भाच्याचं ऐकून येतो, कोणी छिंदवाड्याच्या साळ्याचं. मी सगळ्यांना पहिलं एकच विचारते, "काकाजी, राहता कुठं? ठाणं कोणतं लागते तुम्हाले?" कोणता बोर (म्हणजे नळीचं माप), रिव्हॉल्व्हर की पिस्तूल, किंमत किती, हे सगळं त्यानंतर.

कायदा देशभर एकच आहे, १९५९ चा शस्त्र अधिनियम. त्याखालचे सध्याचे नियम २०१६ चे आहेत आणि २०१९ च्या डिसेंबरात अधिनियमात मोठी दुरुस्ती झाली. पण परवाना द्यायचा अधिकार कोणाचा, तो परवाना कुठपर्यंत चालतो आणि मध्ये आणखी कोणाची संमती लागते, हे तुमच्या पत्त्यावर ठरतं.

नागपूर जिल्ह्यात दोन दारं आहेत. पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत राहत असाल तर परवाना पोलीस आयुक्त देतात. शस्त्र अधिनियमानं आयुक्तालयाच्या हद्दीत जिल्हादंडाधिकाऱ्याची जागा त्यांनाच दिली आहे. काटोल, नरखेड, सावनेर, रामटेक, उमरेड, भिवापूर असं ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत घर असेल तर अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हादंडाधिकारी म्हणून त्यांच्याकडे, आणि चौकशी ग्रामीण पोलीस अधीक्षकांमार्फत. इथं कामठीवाले हमखास फसतात. "आमचा तालुका वेगळा" म्हणून ते कलेक्टरच्या नावाने अर्ज लिहायला सांगतात. पण कामठी शहराची ठाणी नागपूर पोलीस आयुक्तालयात आहेत. तालुका महसुलाचा, ठाणं पोलिसांचं. दोन्हींच्या सीमा जुळतीलच असं नाही. अमरावतीलाही असंच, शहराला आयुक्त आणि बाकी जिल्ह्याला कलेक्टर. वर्धा, भंडाऱ्यात आयुक्तालयच नाही, तिथं प्रश्न मिटला. दुसऱ्या राज्यात मात्र नागपूरचा हिशेब लावू नका. काही ठिकाणी आयुक्त असूनही हे काम कलेक्टरकडेच ठेवलेलं असतं, तेव्हा तिथं चौकशी करूनच पाऊल टाका.

धरमपेठेत फ्लॅट आणि काटोलला संत्र्याची बाग असणारे पुष्कळ. त्यांना वाटतं, जिकडे लवकर होईल तिकडे अर्ज टाकू. तसं चालत नाही. तुम्ही नेहमी राहता कुठं ते पाहतात, आणि ठाण्याचा जमादार घरी येतो तेव्हा शेजाऱ्यालाही विचारतो. त्याहून वाईट म्हणजे कुठल्या तरी लांबच्या राज्यातून "बनवून आणलेला" परवाना. जिथं कधी एक रात्र काढली नाही तिथला पत्ता दाखवून मिळवलेला तो कागद म्हणजे गुन्ह्याचा पुरावाच. एजंट असं काही सुचवू लागला तर उठून या.

बंदूक आधी आणि कागद मागून, हा क्रम आपल्याकडे नाही. गाडी घेतली की आरटीओत नंबर पाडून आणतो तसं इथं नसतं. आधी परवाना, मग त्या परवान्यावर परवानाधारक विक्रेत्याकडून खरेदी, मग शस्त्राचा नंबर परवान्यावर चढतो. म्हणून "गावठी कट्टा हाये, नोंदवून देता का?" असं विचारणाऱ्याला मी बसायलाही सांगत नाही. कट्टा कोणत्याच दारातून कायदेशीर होत नाही. विनापरवाना शस्त्र बाळगल्याची शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षं आहे आणि पाच वर्षांपर्यंत जाते. नाइन एमएम, पॉइंट थ्री-एट, थ्री-नॉट-थ्री हे प्रतिबंधित बोर. ते आयुक्तांच्या किंवा कलेक्टरच्या हातात नाहीत, विषय थेट केंद्रीय गृह मंत्रालयाचा. सामान्य माणसाला मिळतं ते पॉइंट थ्री-टू रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल, पॉइंट थ्री-वन-फाइव्ह रायफल, नाहीतर बारा बोर. (अंबाझरीला आयुधनिर्माणी आहे, तिथं ओळख आहे, असं सांगणारेही येतात. तिथं तोफगोळ्यांच्या कवचांसारखी लष्करी कामं होतात, तुमच्या रिव्हॉल्व्हरशी त्याचा संबंध नाही.)

अर्ज केंद्राच्या एनडीएएल-एलिस या शस्त्र परवान्यांच्या पोर्टलवर भरायचा. व्यक्तीसाठी नमुना ए-१. वय २१ पूर्ण हवं. पांढऱ्या पार्श्वभूमीचे फोटो, जन्मतारखेचा, ओळखीचा आणि राहण्याचा पुरावा, डॉक्टरचा शारीरिक-मानसिक आरोग्याचा दाखला, शस्त्र घरात सुरक्षित कुलपात ठेवीन असं हमीपत्र, आणि शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. आधार कार्डावर एक पत्ता, वीज बिलावर दुसरा असेल तर आधी तो घोळ निस्तरा. आयकर विवरणाची फाइल घेऊन येणाऱ्यांना मी एक गोष्ट सांगते: मालमत्ता कमी आहे एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, असं अधिनियमातच लिहिलंय. तुमच्या व्यवसायाचा पुरावा म्हणून विवरण लावा, श्रीमंती दाखवायला नको.

खरा अर्ज ठरतो तो "कारण" या रकान्यावर. इथं लोक मला म्हणतात, "ताई, तुम्हीच काहीतरी जबरदस्त लिहा." मी लिहीत नाही. "जिवाला धोका आहे" एवढ्या तीन शब्दांचा अर्ज ठाण्यात पोचला की अधिकारी विचारणारच: कोणापासून? तक्रार कधी दिली? प्रत कुठे आहे? इतवारीतला सराफ असेल तर तो रोज संध्याकाळी किती वाजता, कुठून कुठे माल नेतो, सोबत कोण असतं, आधी चोरीचा प्रयत्न झाला असेल तर त्याचा गुन्हा क्रमांक काय, हे लिहायचं. पेट्रोल पंपवाल्याने रोकड बँकेत कधी जाते ते लिहायचं. नेमबाज असेल तर रायफल क्लबचं सदस्यत्व आणि स्पर्धांची प्रमाणपत्रं. नेमबाजांच्या सवलती आणि शस्त्रांची मर्यादा वेगळी आहे, ते क्लबमध्ये नीट समजून घ्या. रुबाबासाठी हवं असणाऱ्यांना मी ओळखते. पांढरा शर्ट, मागे दोन पोरं, आणि कारणाच्या रकान्यापाशी आले की अडखळतात. त्यांचे पैसे आणि माझा कागद, दोन्ही वाचवते.

तुमच्यावर गुन्हा दाखल असेल, अगदी जुन्या भांडणाचा का असेना, लिहून टाका. लपवलेला गुन्हा ठाण्याच्या अहवालात निघतो, आणि मग गुन्ह्यापेक्षा लपवणं भारी पडतं. नियमाप्रमाणे पोलिसांनी ३० दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तोवर रोज खिडकीवर जाऊन उभं राहण्यात अर्थ नाही. पोचपावती जपा आणि मुदत उलटली की लेखी स्मरणपत्र द्या. नकार आला तर कारणं मागा. कारणं नोंदवणं प्राधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. सार्वजनिक हिताच्या कारणाने ती तुम्हाला सांगितली जाणार नाहीत, असंही होऊ शकतं. अपिलाची मुदत ३० दिवसांची आहे, म्हणून आदेश हातात पडल्याची तारीख त्याच्याच पाठीवर लिहून ठेवा. अपील मात्र वकिलाकडून करा, माझ्याकडून नको.

माझ्याकडे सगळ्यात जास्त येतात ते वारस. "बाबा गेले. त्यायची बारा बोर घरी हाये. माह्या नावावर करून द्या ना." बंदूक कपाटात, परवाना बाबांच्या नावाचा, आणि बाबांना जाऊन वर्ष झालेलं. परवाना ज्याच्या नावावर त्याच्यापुरता. तो माणूस गेला की घरातल्या कोणालाही ते शस्त्र ठेवण्याचा हक्क उरत नाही. मुलगा म्हणून नाही, बायको म्हणूनही नाही. तेराव्यापर्यंतही थांबू नये. विनाविलंब जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं आणि पावती घ्यायची. जमा करणारे तुम्ही स्वतः फौजेत असाल तर युनिटच्या शस्त्रागारातही चालतं. पावतीवर शस्त्राचा नंबर, बोर आणि काडतुसांची संख्या आहे ना ते तिथंच उभं राहून वाचा. मग सावकाशीने वारस म्हणून नव्या परवान्याचा अर्ज करा. मृत्यूचा दाखला, मूळ परवाना, जमा पावती, आणि बाकीच्या वारसांची ना-हरकत प्रतिज्ञापत्रं सोबत लावा. बहिणींना विसरू नका. ना-हरकत घ्यायला गेलं की शेताच्या वाटणीचं जुनं भांडण बाहेर येतं आणि बंदूक ठाण्यातच राहते, असं मी बरंच पाहिलंय.

त्यापेक्षा बाबा हयात असतानाच हे करता येतं, आणि लोकांना हेच ठाऊक नसतं. परवानाधारकाचं वय ७० झालं, किंवा शस्त्र त्याच्याकडे २५ वर्षं राहिलं, यातलं जे आधी होईल त्यानंतर तो आपल्या वारसाच्या नावावर परवाना मिळावा म्हणून अर्ज करू शकतो. मुलगा, मुलगी, पत्नी, सून, जावई, नातवंडं, भाऊ-बहीण यांच्यापैकी कोणीही. अर्थात वारसाचीही पूर्ण चौकशी होते, वारसाहक्काने परवाना आपोआप मिळत नाही. आणि मर्यादा लक्षात ठेवा: २०१९ पर्यंत एका माणसाला तीन शस्त्रं ठेवता येत, आता दोनच. तुमच्याकडे आधीच दोन असतील तर बाबांची तिसरी तुमच्याकडे येणार नाही. भावाच्या नावाने करा किंवा विका. विकायची असेल तर घेणारा परवानाधारकच हवा, आणि तुम्ही लेखी कळवल्यापासून ४५ दिवस जाऊ द्यावे लागतात.

महालातल्या जुन्या वाड्यांत भिंतीवर टांगलेली ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची, बंदूक असते. कालबाह्य किंवा पुरातन मूल्याची, आणि दुरुस्त करूनही न चालणारी असेल तर ती अधिनियमातून वगळली आहे. पण "चालत नाही" हे तुम्ही म्हणून भागत नाही, शस्त्र जाणणाऱ्याने तपासून लिहून दिलेलं जवळ असू द्या.

आता शेतकरी. "डुकरं तुरीत घुसून राहिले ताई, रोही (नीलगायी) हरभरा ठेवून नाही राहिले, बंदूक पाहिजे." कायदा इथं शेतकऱ्याच्या बाजूने थोडा झुकलेला आहे. खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागितली आणि नकार देण्यासारखं दुसरं कारण नसेल, तर परवाना द्यावा असं कलम आहे. ठासणीची पुरणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तर साध्या, म्हणजे आतून गुळगुळीत, नळीची दुसरी बंदूकही देता येते. सातबारा, पिकाची नोंद, नुकसानीचे पंचनामे जोडा. हा परवाना शेतापुरता. ती बंदूक घेऊन बर्डीवर फिरायचं नाही.

पण रामटेक, पारशिवनी, उमरेड, भिवापूरकडच्या शेतकऱ्याला आणखी एक दार लागतं. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणे अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत नवा शस्त्र परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय देता येत नाही. राष्ट्रीय उद्यानालाही तेच लागू. पेंच, मानसिंगदेव, उमरेड-पवनी-कऱ्हांडला यांच्या भोवती १० किलोमीटरचं वर्तुळ काढून पाहा, किती गावं आत येतात ते. ज्यांच्याकडे आधीपासून परवाना होता त्यांनी अभयारण्य जाहीर झाल्यावर तीन महिन्यांत वन खात्याकडे नाव नोंदवायचं असतं. कऱ्हांडला २०१२ चं, मानसिंगदेव २०१० चं. आजोबांनी तेव्हा नाव नोंदवलं की नाही, हे आज वारसाच्या अर्जात विचारलं जाऊ शकतं. सुदैवाने मुख्य वन्यजीव रक्षकांचं कार्यालय इथंच, सिव्हिल लाइन्सच्या वनभवनात आहे. गडचिरोलीच्या माणसाला त्यासाठी इथवर यावं लागतं.

आणि बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारायचा परवाना नव्हे. तो वन खात्याचा वेगळा आदेश, त्याशिवाय गोळी घातली तर आत जाल. खरं सांगायचं तर दहातल्या बहुतेक शेतकऱ्यांना मी बंदुकीऐवजी वन खात्याकडे पीक नुकसानभरपाईचा अर्ज लिहून देते. तो त्यांच्या जास्त कामाचा असतो.

परवाना मिळाला, आता तो कुठपर्यंत चालतो ते वाचा. बहुतेकांवर जिल्हा किंवा महाराष्ट्र राज्य लिहिलेलं असतं. सावनेर ओलांडून सौंसरला लग्नाला गेलात तर राज्य बदललं, आणि महाराष्ट्रापुरता परवाना तिथं नुसता कागद. शेजारच्या राज्यांपर्यंत क्षेत्र वाढवायचं तर राज्य शासनाकडे सबळ कारण द्यावं लागतं. अखिल भारतीय वैधता खासदार, सैनिक, अखिल भारतीय सेवेतले अधिकारी, नेमबाज अशा मोजक्यांसाठी. नोकरीसाठी पुण्याला बिऱ्हाड हलवलं आणि शस्त्र सोबत नेलं, तर ३० दिवसांत नव्या आणि जुन्या दोन्ही प्राधिकाऱ्यांना कळवायचं. पोरगा म्हणतो, "परवाना महाराष्ट्राचा, पुणं महाराष्ट्रात, मग काय?" चालतं, पण पत्त्याची नोंद बदलल्याशिवाय नूतनीकरण अडतं.

जुनं लाल-काळं पुस्तक घेऊन येणाऱ्यांचं मी पहिलं पान नव्हे, यूआयएन पाहते. प्रत्येक परवान्याचा राष्ट्रीय डेटाबेसमधला हा विशिष्ट क्रमांक. तो घ्यायची मुदत २०१५ पासून वाढत वाढत शेवटी २९ जून २०२० पर्यंत आली. त्यानंतर बिनक्रमांकाचा परवाना अवैध. अशांनी नूतनीकरणाच्या रांगेत लागू नये. शस्त्र आधी जमा करावं, मग प्राधिकाऱ्याला लेखी विचारावं. नूतनीकरण पाच वर्षांनी येतं, मुदतीच्या निदान दोन महिने आधी अर्ज टाका.

भाच्याचं काय? तो म्हणतो, अमेरिकेत दुकानात गेलो, रायफल घेतली, नोंदणी वगैरे काही नाही. त्याच्या राज्यात खरं असेल. तिथं साध्या रायफलींची केंद्रीय नोंदवही करायला १९८६ च्या कायद्यानेच मनाई आहे. मशीनगन, आखूड नळीच्या बंदुका आणि सायलेन्सर मात्र १९३४ च्या कायद्याखाली नोंदवावे लागतात. हवाई राज्यात प्रत्येक बंदूक पोलिसांकडे नोंदवायची, आणि फ्लोरिडात सरकारने अशी वही ठेवली तर सरकारच दोषी. कॅनडाने २०१२ मध्ये लांब बंदुकांची नोंदणी बंद केली, तर तिथल्याच क्यूबेक प्रांताने २०१८ पासून स्वतःची सुरू केली. लांब कशाला जायचं, आपल्या कर्नाटकात कोडगूला कोडवा समाजाला आणि जम्मा (तिथल्या वंशपरंपरागत) जमीनधारकांना परवान्यातूनच सूट आहे, सध्याची २०२९ च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत. म्हणून कोडगूच्या मित्राचा अनुभव घेऊन नागपुरात येऊ नका.

छऱ्याची बंदूक (एअरगन) पॉइंट वन-सेव्हन-सेव्हन बोरपर्यंत आणि तिच्या छऱ्याचा जोर २० जूलच्या आत असेल तर परवाना लागत नाही. खरेदीची पावती आणि ओळखपत्र जवळ ठेवा. नऊ इंचांहून लांब पात्याची तलवार सत्कारात मिळाली म्हणून मिरवू नका, शहर पोलीस तिच्यावर गुन्हे नोंदवतात. परवान्याचं शस्त्रही जत्रेत, मिरवणुकीत, शाळा-कॉलेजात न्यायचं नाही, म्हणजे मारबतीच्या मिरवणुकीला नाही आणि दीक्षाभूमीच्या सोहळ्यालाही नाही. वरातीत हवेत गोळी झाडली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही; नवरदेवाचा मामा म्हणून सूट नाही.

निवडणूक लागली की ठाण्यातून फोन येतो, शस्त्र जमा करा. सगळ्यांनीच जमा करावं असं नाही. छाननी समिती प्रत्येकाचं प्रकरण पाहते, आणि सरसकट जमा करून घेऊ नये असं मुंबई उच्च न्यायालयानेही सांगितलंय. बँकेचे सुरक्षारक्षक आणि राष्ट्रीय पातळीवरचे नेमबाज यांना बहुधा वगळतात. तुम्हाला खरंच धोका असेल तर समितीकडे लेखी अर्ज द्या, तो मी लिहून देते. पण नोटीस आलीच तर वाद घालत बसू नका, मुदतीत नेऊन द्या. शस्त्र रिकामं करून न्या, काडतुसं वेगळी. पावतीवर नंबर आणि काडतुसांची संख्या लिहून घ्या, मूळ परवाना मात्र स्वतःकडेच ठेवून त्याची झेरॉक्स द्या. निकालानंतर परत आणताना काडतुसं मोजल्याशिवाय रजिस्टरवर सही करू नका.